आठवणीत दिसणारा आपलाच चेहरा

स्नेहसंमेलनात भाषण करताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत घाम फुटला होता, तो प्रसंग आठवून पाहा. समोरची माणसं दिसतात, की घाम पुसणारे तुम्ही स्वतः? स्वतः दिसत असाल, तर ते नवलच आहे. त्या क्षणी तुमच्या डोळ्यांनी तुमचा चेहरा पाहिलाच नव्हता!

फ्रॉइडने १८९९ मध्येच ही विसंगती टिपली होती. मोजदाद झाली १९८३ मध्ये. जॉर्जिया निग्रो आणि उल्रिक नायसर यांना आढळलं, की भावना तीव्र आणि स्वतःविषयीची जाणीव टोकदार असलेले प्रसंग अनेकदा बाहेरून पाहिल्यासारखे आठवतात.

चारचौघांत बोलण्याचं अतोनात भय असणाऱ्यांत हे ठळक दिसतं. १९९८ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांना लोकांमधले प्रसंग बाहेरून आठवले, पण इतर प्रसंग स्वतःच्याच डोळ्यांनी. म्हणजे स्मरणशक्ती शाबूत असते, फक्त पाहण्याची जागा बदलते. घाबरलेल्या माणसाचं लक्ष आत वळतं: धडधड, तापलेले कान, कोरडा घसा. साक्षीदाराच्या सांगण्यावरून पोलिसांचा चित्रकार संशयिताचा चेहरा काढतो, तसं मन यावरून आपलं चित्र काढतं. इथला साक्षीदार मात्र धडधडतं काळीज. त्याने चेहरा पाहिलेलाच नाही, तरी त्याचा शब्द प्रमाण!

या संशोधनात क्लार्क आणि वेल्स ही नावं सतत येतात. मला मात्र ऑक्सफर्डच्या ॲन हॅकमन अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण हे चित्र येतं कुठून, हा प्रश्न त्यांनी रुग्णांनाच विचारला. क्लार्क आणि मॅकमॅनस यांच्यासह २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळजवळ प्रत्येकाच्या मनातल्या चित्राचा धागा एखाद्या जुन्या, जिव्हारी लागलेल्या प्रसंगाशी जुळला. कुणीतरी हसलं होतं, टोमणा मारला होता. माणूस वाढला, चित्र तेच राहिलं.

त्यामुळे उपचारात कॅमेरा येतो. आपण कसे दिसू याचं वर्णन रुग्ण आधी करतो. मग स्वतःचं चित्रीकरण परक्या माणसाला न्याहाळावं तसं बघतो. थरथरणारा, लालबुंद चेहरा तिथे बहुधा सापडत नाही. ती जुनी आठवणच नव्या अर्थाने उजळण्याचे प्रयोगही हॅकमन आणि सहकाऱ्यांनी केले. सुरुवातीचे निष्कर्ष आशादायक असले, तरी ते मोजक्या रुग्णांवरचे होते. तेवढ्यावरून 'वाईट आठवणी पुसून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. या उपचारात आठवण पुसली जात नाही.