लाथ झेलणारे हात

शेंदूरजनाघाटच्या माणसाला कुठंही न्या, तो संत्राच शोधणार. थायलंडच्या उत्तरेला फांग भागात संत्र्याच्या बागा आहेत, त्या पाहायला आम्ही तिघं चियांग माईला जाऊन धडकलो. बागा पाहून झाल्या आणि परतीच्या आधी एक दिवस हाताशी उरला.

आमच्या मुक्कामाच्या गल्लीत टोकाला एक पत्र्याची शेड होती. रोज सकाळी तिथून फट् फट् आवाज यायचा आणि सोबत मालिशच्या तेलाचा वास, अगदी आयोडेक्ससारखा. मला ओढलं ते त्या वासानं. शाळेत असताना अमरावतीच्या हनुमान आखाड्याच्या उन्हाळी शिबिरात लाठी फिरवून मनगट सुजायचं, तेव्हा आई रात्री तेच चोळायची.

शेडबाहेर पाटी होती : नवशिक्यांसाठी मुए थाई, म्हणजे थाई बॉक्सिंग, दीड तास, चारशे बाथ. आपले हजारेक रुपये. मित्र म्हणाला, "हजार रुपये देऊन मार खायाले चालला काय बे?"

शिकवणारा चाळिशीचा, बुटका, नाक कधीतरी मोडून बसलेलं. सगळे त्याला 'क्रू' म्हणत. क्रू म्हणजे आपला गुरूच, शब्द संस्कृतातूनच तिकडे गेलेला. लढतीआधी गुरूला वंदन करतात त्यालाही 'वाय क्रू' म्हणतात. त्यानं आधी माझे हात बांधले. साडेचार मीटरची कापडी पट्टी. अंगठ्यात फास, मनगटाला वेढे, मग बोटांच्या फटीफटींतून. बांधून झाल्यावर मूठ वळायला लावली, नख दाबलं आणि पांढरं झालेलं नख पुन्हा लाल होतं का ते पाहिलं. मी त्या बोटांकडे पाहतच राहिलो. आमच्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसवून प्लास्टिकची पट्टी बांधतात तेव्हा असाच अंदाज लागतो. सैल राहिली तर डोळा सुकतो, आवळली तर पट्टी सालीत रुतते.

दोरीवरच्या उड्या, ठोसे, कोपर, गुडघा हे भराभर उरकलं. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे, दोन नडग्या अशा आठ अवयवांची ही विद्या. नडगीपाशी मात्र गाडी अडली. लाथ पावलानं नाही, नडगीनं मारायची, आणि त्यासाठी टेकलेला पाय चवड्यावर गर्रकन फिरला पाहिजे. माझा फिरेना. "टर्न, टर्न!" तो ओरडत होता. आठव्या-नवव्या लाथेला त्याच्या हातातल्या जाड पॅडवर फट्टकन आवाज झाला. शेड दणाणली. मी खुश! मित्राकडे वळून पाहिलंसुद्धा.

मग माझ्यानंतरच्या मुलीची पाळी आली. काडीसारखी, लाथ कमरेपर्यंतही जाईना. तरी तोच आवाज. नीट पाहिलं तेव्हा कळलं. लाथ पोचायच्या क्षणी तो पॅड बोट-दोन बोटं पुढं ढकलून लाथेला भेटवत होता. आवाज तो काढत होता आणि शाबासकी आम्हाला मिळत होती.

दिवसाला किती लाथा झेलतोस, असं खुणेनं विचारलं. त्यानं पाच बोटं दाखवली आणि म्हणाला, "हंड्रेड." पाचशे. तेल आमच्या नडग्यांसाठी असावं असं मी धरून चाललो होतो; ते तो स्वतःच्या कोपरांना चोळत होता. पाचशे लाथा, त्याही नवशिक्यांच्या, म्हणजे निम्म्या पॅडवर आणि निम्म्या कुठंही.

मला आमचा हनुमान आखाडा आठवला. तो म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना 1914 ची, वैद्य बंधूंची. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं कबड्डीसारखे आपले खेळ जगाला दाखवले. त्याचा अभिमान वऱ्हाडात आजही आहे, मलाही आहे. पण मैदानात खेळ दाखवणं वेगळं, आणि अनोळखी पाहुण्याच्या हाती लाठी देऊन दीड तास त्याचा वेडावाकडा मार सोसणं वेगळं. हे दुसरं काम कमी प्रतीचं आहे असं मला वाटायचं. आता वाटत नाही.

निघताना चारशे बाथ गल्ल्यावर दिले. त्यातले तुला किती, हे विचारायचं धाडस झालं नाही. तोवर तो पुढच्या माणसाचं मनगट बांधायला बसलाही होता. बाहेर मित्रानं विचारलं, "वसूल झाले का पैसे?"

म्हटलं, चारशे बाथ कमी आहेत.