ताप्तीच्या काठी मांडे आणि बालाजी

दसरा जवळ आला की आमच्या घरी तिरुपतीच्या तिकिटांची गडबड असायची. सासूबाई माहेरच्या धारवाडकडच्या, त्यांचं कुलदैवत वेंकटेश. मामंजी होते तोवर एकही वर्ष वारी चुकली नाही. ते गेले आणि अत्तींनी तिरुपतीचं नावच टाकलं. ‘गुडघे चालत नाहीत’ म्हणायच्या. गुडघे दुखतात हे खरं, पण खरं कारण ते नव्हे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या भावाची बदली बऱ्हाणपूरला झाली आणि त्याने दसऱ्याला बोलावलं. अत्ती येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने भुसावळ आणि तिथून पुढे थोडाच प्रवास. गाव मध्य प्रदेशातलं, २००३ साली वेगळा जिल्हा झालेलं. पण केळीच्या बागा पाहिल्या की वाटतं, खानदेश अजून संपलाच नाही. फारुकी सुलतानांच्या काळी हीच खानदेशची राजधानी होती.

सकाळी ताप्तीच्या काठाने फिरायला निघालो. पाऊस नुकताच ओसरलेला, पाणी भरपूर, काठावर ओला गाळ आणि काशाची पांढरी फुलं. वर शाही किल्ल्याची उंच भिंत, खाली राजघाटाच्या पायऱ्या. एक गोष्ट आम्हा बेळगावकरांना चमत्कारिक वाटली. आपली मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, सगळ्या पूर्वेकडे धावणाऱ्या. ही मात्र मावळतीकडे, सुरतेच्या समुद्राकडे निघालेली. अत्ती बराच वेळ पाण्याकडे बघत होत्या. ‘उलटी हरियतद’ म्हणाल्या आणि हसल्या.

घाटासमोर नदीत दगडी हत्ती आहे. १६१०च्या सुमारास इथे आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अशा हत्तीबद्दल लिहून ठेवलंय. तो इतका हुबेहूब, की पाणी प्यायला आलेला खरा हत्ती त्याला धडकला आणि आपले दात मोडून बसला! धाकटीला ही गोष्ट तीनदा सांगावी लागली.

पलीकडच्या तीरावर जैनाबादचा आहुखाना. १६३१ साली मुमताज महल बऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली आणि आग्र्याला नेईपर्यंत सहा महिने तिचं दफन तिथे होतं. ताजमहालाचे फोटो घरोघरी, इकडे मात्र तुरळक माणसं. चौदावं बाळंतपण हे ऐकून अत्ती म्हणाल्या, ‘पाप!’ पुढे काही बोलल्या नाहीत.

दुपारी जामा मशिदीत गेलो. अरबीबरोबर तिथे संस्कृतातही शिलालेख कोरलेला आहे, राजा अली खान फारुकीच्या वेळचा, म्हणजे चारशे वर्षांहून जुना. पाटीवरची भाषा कोणती यावरून आपल्याकडे काय काय होतं ते आठवून यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

पण खरी मजा बाजारात आली. एका दुकानी मावा जिलेबी, दुसऱ्या ठिकाणी रवा-साखर-तुपाचा दराबा, आणि पुढे एक गृहस्थ हातावर पीठ नाचवत, उलट्या ठेवलेल्या कढईवर अंगरख्याएवढी पोळी टाकत होते. नाव विचारलं तर, ‘मांडे’! आमच्याकडचे मांडे गोड, कुरकुरीत, घडी घातलेले, लग्नाच्या रुखवताचे. हे मऊ, रुमालासारखे, रश्शाबरोबर खायचे. अत्तींना पटेना. ‘हे मंडिगे कसलं?’ मग दुकानदाराशी त्यांच्या धारवाडी मराठीत वाद. तो निमाडी हिंदीत मराठी मिसळून उत्तर देतोय आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतंय. शेवटी मीच म्हटलं, मराठीत मनातले मांडे खातात, कन्नडात मनस्सिनल्ले मंडिगे तिन्तारे, इथे निदान हातात तरी मिळाले! एक मांडा तिघींनी संपवला.

संध्याकाळी सतियारा घाटावर बालाजीची जत्रा. दसऱ्याच्या सुमारास इथे बालाजीचा उत्सव असतो. पाळणे, फुगे, बांगड्या, भेळेच्या गाड्या, आणि गर्दीतून हिंदी, मराठी, गुजराती सगळंच कानावर येत होतं. दर्शनाला जाताना पायऱ्या होत्या. भाऊ म्हणाला, ‘मावशी, इथूनच हात जोडा.’ अत्तींनी ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी मोजत गेल्या. समोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘अय्य, नम्म वेंकप्पा इल्लीनू अदानल्ला!’ आजूबाजूच्या बायका वळून बघायला लागल्या. मामंजी गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हासुद्धा रडल्या नव्हत्या.

परतताना नदी अंधारली होती. दूरवर कुणीतरी पाण्यात दिवा सोडलेला. अत्ती गुडघे दाबत पायरीवर बसल्या, जिलेबीचा पुडा मांडीवर.

दुसऱ्या रात्री गाडीत सगळे झोपायच्या बेतात असताना त्यांनी यजमानांना विचारलं, ‘तिरुपतीचं रिझर्वेशन किती दिवस आधी मिळतं रे?’

‘साठ दिवस.’

त्या बोटांवर महिने मोजायला लागल्या.