जुनं घर राखायचं, पण पहाटे उठायचं कुणी?

मैत्रिणींनो, सकाळचा पहिला चहा दुसऱ्या कुणीतरी करून तुमच्या हातात दिला, असं शेवटचं कधी घडलं? जरा आठवून पाहा. माहेरी म्हणाल, तर आता माहेरीही आपणच उठून आईला चहा देतो. माझ्या बाबतीत हा योग गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आला, आणि तोही पैसे मोजून! पण त्या चहाबरोबर मी जे शिकून आले, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

त्याचं असं झालं. वाईला आमचं वडिलोपार्जित घर आहे. दुपाखी कौलारू, मधे चौक, मागे विहीर. तिथे सासूबाई, थोरले भाऊजी आणि जाऊबाई राहतात. आम्ही साताऱ्याला, धाकटे दीर पुण्याला. दसऱ्याच्या सुमारास घराला गिऱ्हाईक आलं. घर पाडून तिथे मोठी इमारत उठवायची, असा त्याचा बेत. तिघे भाऊ ओसरीवर बसले. किंमत चांगली होती. पण घर पाडायचं म्हटल्यावर कुणाच्याच तोंडून ‘हो’ निघेना. तेव्हा मी मोठ्या हुशारीनं म्हटलं, “विकायचं कशाला? हल्ली लोक अशी जुनी घरं शोधत येतात. पाचगणी-महाबळेश्वरची वाट इथूनच जाते. दोन-तीन खोल्या नीट करू, पाहुण्यांना राहायला देऊ, सकाळची न्याहारी देऊ. घर आपला खर्च आपणच काढील!”

कल्पना सगळ्यांना पसंत पडली. बी.ए.ला इतिहास घेतल्याचं सार्थक झालं, असं मला वाटलं. जाऊबाई मात्र एवढंच म्हणाल्या, “बघा बाई, तुम्ही ठरवाल ते.” आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेल्या. त्या आत गेल्या, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्याही नाही.

मग ठरलं, की असं एखादं घर आधी पाहून यावं. शाळेतल्या एका मैत्रिणीनं सावंतवाडीतलं घर सुचवलं आणि भाऊबीज आटोपल्यावर आम्ही उभयतांनी कोल्हापूरची एस.टी. धरली.

चिऱ्याचं घर

कोल्हापूरहून आजरा, आंबोली करत गाडी घाट उतरली, की हवाच बदलते. माती लाल होते, अंगणाअंगणात माड दिसू लागतात. सावंतवाडी गाव तसं लहानसं. मधोमध मोती तलाव, त्याच्या काठानं रस्ता, समोर राजवाडा. आमचं घर तलावापासून पाच मिनिटांच्या वाटेवर होतं.

घर जांभ्या दगडाचं. तिकडे त्याला चिरा म्हणतात. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून सहज तासता येतो आणि वाऱ्याला लागला, की टणक होत जातो. पुढे सारवलेलं खळं, तुळस, मग पडवी, ओटी, माजघर. वर मंगलोरी कौलं. पडवीच्या एका कौलावर १८६५ हा आकडा दिसला आणि मी हरखून गेले. घरच्या काकी हसल्या. “सगळे पाहुणे असेच फसतात! तो आकडा कारखान्याचा. मंगळूरला बाझेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, ते साल. घर माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेलं.”

काकी साठीच्या. यजमान वारले, मुलगा नोकरीनिमित्त मुंबईला. सोबतीला एक मदतनीस बाई. खोल्या दोनच, पण कशा! शिसवी पलंग, पांढऱ्या शुभ्र चादरी, कोनाड्यात लाकडी फळांची परडी. जुनी धान्याची कोठी होती, तिथे फरशी घालून न्हाणीघर केलेलं. काकी म्हणाल्या, “जुन्या घरात सगळ्यांत जास्त पैसा जातो तो ह्याच्यात. लोकांना घर शंभर वर्षांपूर्वीचं हवं असतं, पण न्हाणीघर कालचं!”

रात्री आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून कुळथाची पिठी आणि भात मिळाला. निजताना यांना म्हटलं, “वाईला अगदी असंच करायचं.” डोळ्यांसमोर चौकात बसलेले पाहुणे दिसत होते. ते बसलेले असताना कोण उभं होतं, ते काही दिसत नव्हतं.

वहीतली ‘मी’

पहाटे पाचला मला जाग आली. तुम्हाला ठाऊकच आहे, सुट्टी असो नाहीतर सण, आपल्या डोळ्यांना कुठली सवड! स्वयंपाकघरात दिवा दिसला, म्हणून डोकावले. काकींची आंघोळ झालेली, तांदळाचं वाटण पातेल्यात तयार, बिडाचा तवा चुलीवर.

“झोप लागली नाय?”

“सवय हो काकी.”

“सवय ती जातली खय! बसा हय.” आणि त्यांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. मी पदर खोचून खोबरं किसायला पुढे झाले, तर म्हणाल्या, “हात लावूक नको हां. तुमी पैशे दिलात.”

मग मी पाटावर बसून नुसती पाहत राहिले. नारळाच्या शेंडीनं तव्यावर तेल फिरवायचं, पातळ पीठ हातानं कडेपासून ओतत यायचं, झाकण, वाफ, की जाळीदार घावन अलगद सुटून येतं. बरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी आणि गूळ घातलेला नारळाचा रस. नऊ माणसांसाठी त्या बाईनं उभ्यानं किती घावने काढली असतील! पाहायला मोठी मौज वाटत होती. पण घावनं मोजता मोजता मला एकदम वाईचं स्वयंपाकघर आठवलं.

न्याहारी उरकल्यावर मी मुद्द्याचं विचारलं. “काकी, यात सुटतं का हो काही?”

त्यांनी फळीवरून एक वही काढली. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. तांदूळ, नारळ, गूळ, दूध, धुणं, वीज, मदतनीस बाईचा पगार, माकडांनी फोडलेली कौलं, वासे-रिपांना वाळवी लागू नये म्हणून लावायचं काजूच्या टरफलाचं तेल. आणि दर महिन्याच्या शेवटी एक ओळ: ‘मी’. तिच्यापुढे आकडा.

“ही ‘मी’ कोण?”

“मीच!” काकी म्हणाल्या. आणि मग त्यांनी जे सांगितलं, ते मी शब्दशः लक्षात ठेवलं आहे.

पहिली दोन वर्षं त्यांनी तीन खोल्या चालवल्या. वहीत चांगली शिल्लक दिसे. मुलगा कौतुकानं सगळ्यांना सांगे, की घर स्वतःच्या पायावर उभं राहिलं. तिसऱ्या वर्षी काकींची कंबर धरली. डॉक्टरांनी सक्तीनं झोपवलं. दीड महिना स्वयंपाकाला एक आणि वरकामाला एक, अशा दोन बायका पगारी ठेवाव्या लागल्या आणि शिल्लक संपून वर पदरचे पैसे गेले.

“तेव्हा माझ्या ध्यानात आलं,” काकी म्हणाल्या, “घर कुठलं स्वतःच्या पायावर उभं होतं! ते माझ्या कमरेवर उभं होतं.”

त्यानंतर त्यांनी चार गोष्टी केल्या. तीनच्या दोन खोल्या केल्या. दर वाढवला. मृगापासून गणपती होईपर्यंत पाहुणे बंद ठेवले, कारण पावसात घरालाही डागडुजी हवी आणि बाईलाही. आणि ‘मी’च्या ओळीतले पैसे दर महिन्याला स्वतःच्या पासबुकात भरायला लागल्या. “मुलगा आधी हसला. म्हणाला, आई, स्वतःच्या घरात कसला पगार? मी म्हटलं, मग तू ये आणि महिनाभर पीठ वाट.”

राजवाड्यात पाहिलेलं

त्या दुपारी आम्ही राजवाडा पाहायला गेलो. दरबारात कारागीर गंजिफा रंगवत बसतात. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाची बारा, अशी १२० पानं. ही कला पार मोडीत निघाली होती. शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात ती हाती धरली, उरल्यासुरल्या जाणकारांकडून शिकून घेतली आणि तरुण कारागिरांना वाड्यातच कामाला बसवलं. आता राजवाड्याच्या आवारातही पाहुण्यांना राहायची सोय झाली आहे.

बारीक कुंचल्यानं मत्स्यावतार रंगवणाऱ्या मुलीकडे पाहताना माझ्या मनात आलं, की इथे कुणी नुसतं ‘कला जगली पाहिजे’ असं म्हणत बसलं नाही. हाताला काम दिलं, कामाला दाम दिला, म्हणून कला जगली. मग घराला निराळा न्याय कसा?

तुम्ही अशा घरी जाणार असाल तर

अशी घरं आता आपल्याकडे गावोगाव झाली आहेत. हॉटेलापेक्षा मुलांना तिथे मोकळं वाटतं. मात्र जाण्याआधी फोनवर नीट विचारून घ्या: न्हाणीघर खोलीला जोडून आहे का, जिने किती (बरोबर सासूबाई असतील तर हे आधी विचारा), दरात फक्त न्याहारी आहे की जेवणही, गरम पाणी केव्हा मिळतं. जेवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. घरातल्या बाईकडे हॉटेलासारखा दहा माणसांचा रस्सा तयार नसतो. आणि सकाळी आठची वेळ सांगितली असेल, तर आठलाच पानावर बसा. तुम्ही साडेनऊला उठलात, की तिचा तवा दोनदा तापतो!

घरी पाहुणे ठेवणार असाल तर

आपल्या राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तशी केंद्र सरकारचीही आहे. केंद्राच्या योजनेत एक ते सहा खोल्या देता येतात आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहत असलं पाहिजे, अशी मुख्य अट आहे. पाहुण्यांचं ओळखपत्र पाहून नोंदवही ठेवायची. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांच्या आत सरकारकडे माहिती कळवायची. घर सामाईक असेल, तर सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या. तोंडी संमती पहिली मिळकत दिसेपर्यंतच टिकते.

पण या सगळ्याच्या आधी एक वही घ्या आणि खर्चाच्या बाजूला पहिली ओळ ‘मी’ अशी लिहा. तिच्यापुढे, बाहेरची बाई ठेवली तर काय द्यावं लागेल, तो आकडा मांडा. तो घालूनही जमा वर राहत असेल, तर खुशाल फाटक उघडा. राहत नसेल, तर समजा, की घर विकलं जात नाही एवढंच. त्याऐवजी तुम्ही विकल्या जाता.

वाईला परत

पुढच्या रविवारी आम्ही वाईला गेलो. तिघे भाऊ ओसरीवर बसले. मी मात्र या वेळी ओसरीवर थांबले नाही, सरळ स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई चहाचं आधण ठेवत होत्या. मी विचारलं, “ताई, तुम्हाला हे करायचं आहे का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी मलाच लाज वाटली. इतके दिवस घराचं मत सगळ्यांनी विचारलं होतं, भिंतींचं, वाशांचं, पूर्वजांचंसुद्धा. त्यांचं कुणी विचारलंच नव्हतं. मी त्यांना काकींची सगळी हकिकत सांगितली. आधण उकळून आटलं, पुन्हा पाणी घालावं लागलं. बाहेरून दोनदा “चहा होतोय ना?” अशी विचारणा झाली.

मग पदराला हात पुसत जाऊबाई ओसरीच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “मी करीन. एक वर्ष करून बघीन. पण खोल्या दोनच. कामाला एक बाई हवी. माझा पगार माझ्या नावावर जमा व्हायला हवा. आणि मे महिन्यात पंधरा दिवस मी माझ्या बहिणीकडे नाशिकला जाणार. लग्न झाल्यापासून उन्हाळ्यात गेले नाही. ते पंधरा दिवस हिनं सांभाळायचे.”

‘हिनं’ म्हणजे मी! आणि मे म्हणजे वाईला ऐन गर्दीचा महिना.

ओसरीवर क्षणभर कुणी बोललं नाही. मग थोरले भाऊजी उठले आणि आत जाऊन स्वतःच्या हातानं चहा गाळून घेऊन आले. निम्मा बशीत सांडला होता, पण आणला खरा. गिऱ्हाइकाला वर्षभर थांबायचा निरोप गेला. वर्षानं काय होईल, ते आज कुणी सांगावं? पण होईल ते जाऊबाईंना विचारून होईल, एवढं नक्की.

माझी शाळा एप्रिलअखेर बंद होते. तोवर मी दर रविवारी सराव करते आहे. घावने अजून तव्याला चिकटतात, आणि यजमान व मुलं मुकाट्यानं तुकडे खातात. चिकटू नयेत म्हणून कुणाकडे काही युक्ती असेल, तर मैत्रिणींनो, मे उजाडायच्या आत जरूर कळवा!