पानिपतचा मोठा प्रश्न कसा लिहावा?
'पानिपतच्या तिसऱ्या युद्धात मराठ्यांचा पराभव का झाला?' या दीर्घोत्तरी प्रश्नाला बरीच मुले यात्रेकरू, उपासमार, सूरजमल जाटाची माघार, विश्वासरावांचा मृत्यू अशी पाठ केलेली कारणे एकाखाली एक लिहितात. पण कोणते कारण कशातून निघाले हे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांनी दिल्लीच्या उत्तरेला कुंजपुरा घेतला आणि त्यानंतर अफगाण बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून त्यांच्या व दिल्लीच्या मध्ये आला. रसद तुटली ती इथे. सूरजमल आधीच निघून गेल्याने जवळ मोठा मित्र नव्हता, फौजेबरोबर आलेल्या यात्रेकरूंना पोसणे जड झाले, डिसेंबरात रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौजेपुढे लढण्यावाचून मार्ग उरला नव्हता. पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्या मृत्यूने धीर सुटला हे खरेच, पण ते या साखळीचे शेवटचे टोक.

परीक्षक मुद्दे मोजूनच गुण देतात, मग हा खटाटोप कशाला, असे कुणी म्हणेल. पण वर एकही मुद्दा गळलेला नाही, फक्त ते एकमेकांना जोडले गेले. असे लिहायला जास्त वेळ लागतो, हा आक्षेपही फारसा टिकत नाही. मुख्य कारण पहिल्याच वाक्यात ठरवून लिहिले, की पुढचे मुद्दे त्याच्यामागून आठवत जातात.