पाहुणे व्हा, जंगलाचे!

बालमित्रांनो, सुट्टीत बाहेरगावी गेलात की तुम्ही उतरता कुठे? मामा-मावशीकडे गेलात तर प्रश्नच नाही. गाद्या घालायच्या आणि ओळीनं झोपायचं! पण जिथं कोणीच ओळखीचं नाही, तिथं? मग बाबा लॉज शोधतात, नाहीतर हॉटेल. मोठ्या हॉटेलात शंभर खोल्या असतात आणि शंभरच्या शंभर सारख्या. तोच पलंग, तोच पडदा, तीच साबणाची वडी. सकाळी डोळे उघडल्यावर आपण नागपुरात आहोत की नाशकात, हे खिडकीबाहेर डोकावल्याशिवाय कळत नाही!

याच्या अगदी उलट जातीची हॉटेलंही असतात. मोजक्या खोल्या, प्रत्येक खोली निराळी आणि सगळा थाट त्या गावाचा. त्यांना ‘बुटीक हॉटेल’ म्हणतात. ‘बुटीक’ हा मूळचा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ छोटंसं दुकान. अशी हॉटेलं पाहायला लोक कुठं कुठं जातात? एक ठिकाण तर थेट ग्रीस देशात आहे. तिथं आधी एक चक्कर मारू आणि मग आपल्या भंडाऱ्याकडे येऊ.

ग्रीसच्या समुद्रात सँटोरिनी नावाचं बेट आहे. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि बेटावर राखेचे जाड थर साचले. पुढे लोकांनी त्या मऊ थरात कोरून घरं केली. गुहेसारखी घरं! उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. ९ जुलै १९५६ रोजी तिथं मोठा भूकंप झाला. घरं पडली आणि पुष्कळ माणसं बेट सोडून गेली. गावं ओस पडली. मग १९७५ नंतर ग्रीसच्या सरकारी पर्यटन खात्यानं एक शहाणपणाचं काम केलं. उंच नव्या इमारती बांधण्याऐवजी जुनीच पडकी घरं दुरुस्त केली आणि ती पाहुण्यांना राहायला दिली. इया नावाच्या गावातली अशी घरं फार गाजली.

पण गोष्ट इथं संपत नाही. एकाचं पाहून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं घराचं हॉटेल केलं. बेटावर राहणारी माणसं जेमतेम पंधरा हजार. आणि पाहुणे? २०२३ सालात तीस लाखांहून जास्त! बेटावर गोड्या पाण्याची टंचाई, म्हणून समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून ते वापरावं लागतं. गल्ल्यांत चालायला जागा उरेना. शेवटी २०२५ पासून मोठ्या प्रवासी जहाजांतून दिवसाला आठ हजारच माणसं उतरतील, अशी मर्यादा घालावी लागली. म्हणजे बघा, प्रत्येक घर छोटंच राहिलं, पण बेट मात्र गजबजून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, “कुठं ग्रीस आणि कुठं साकोली!” पण थांबा. असाच छोट्या मुक्कामाचा प्रश्न आपल्या दाराशीही आला होता. समुद्राच्या काठी नव्हे, तर एका तलावाच्या काठी. त्या जागेचं नाव नागझिरा.

नागझिरा पूर्वी भंडारा जिल्ह्यातच होतं. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि जंगलाचा बराच भाग तिकडे गेला. पण जंगलात शिरायचं एक दार, पिटेझरी, हे आजही आपल्या साकोली तालुक्यात आहे. १९७० साली हे जंगल अभयारण्य झालं. २०१३ साली नवेगाव, नागझिरा आणि भंडाऱ्याजवळचं कोका ही जंगलं मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. साग, ऐन, तेंदू, मोह आणि बांबू यांचं हे रान. त्यात वाघ आहेत, बिबटे आहेत, अस्वलं आहेत, रानगवे आहेत आणि कळपानं शिकार करणारी रानकुत्रीही आहेत.

या रानाच्या मधोमध तलाव आणि तलावाजवळ वन विभागाची छोटी विश्रामगृहं. त्यांची नावं तर पाहा: ‘निलय’, ‘लताकुंज’, ‘मधुकुंज’! निलय म्हणजे राहण्याची जागा, घर. लताकुंज म्हणजे वेलींचा मांडव. खोल्या अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि वर्षानुवर्षं तिथं वीजच नव्हती. टीव्ही नाही, पंखा नाही. सूर्य मावळला की कंदील.

“मग करायचं काय तिथं?” हाच प्रश्न पडला ना? खरं तर अंधार पडल्यावरच तिथली मजा सुरू होते.

आपल्या डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला साधारण अर्धा तास लागतो. तेवढा वेळ दिवा न लावता नुसतं ओसरीवर बसलं, की काळ्याकुट्ट वाटणाऱ्या रात्रीतून हळूहळू झाडांचे शेंडे वेगळे दिसू लागतात. तलावाचं पाणी चमकतं. मध्येच कोणी टॉर्च लावला, की झालं! डोळ्यांची सगळी कमाई एका क्षणात जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग कान कामाला लागतात. टिटवी ओरडते, रातवा ठोके दिल्यासारखा आवाज करतो. अचानक चितळ ओरडतं, झाडावरचं वानर खेकसतं. जंगलातले गाईड याला ‘कॉल’ म्हणतात. त्याचा अर्थ, “सावध! वाघ किंवा बिबट्या जवळ आहे!” डोळ्यांना काही दिसलेलं नसतं, तरी कोण कुठून कुठे चाललंय हे कानांना कळत जातं. हॉटेलातल्या बंद काचेच्या खोलीत हे कसं कळणार?

म्हणूनच या जागेनं मोठमोठ्या माणसांना ओढून आणलं. ‘बनगरवाडी’ लिहिणारे व्यंकटेश माडगूळकर तुम्हाला माहीत असतीलच. ते इथं मुक्कामाला येऊन राहिले. धावतपळत जंगल बघायचं आणि निघून जायचं, असं त्यांनी केलं नाही. एका जागी राहून प्राणी, पक्षी आणि माणसं न्याहाळली आणि त्यातून ‘नागझिरा’ हे पुस्तक तयार झालं. पुढे पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारे किरण पुरंदरे आले. ते राहिले किती दिवस? तब्बल चारशे! त्या मुक्कामावर त्यांनी ‘सखा नागझिरा’ लिहिलं आणि नंतर तर ते पिटेझरीलाच राहायला आले. शाळेच्या वाचनालयात ही पुस्तकं आहेत का, ते जरूर विचारा.

आता जरा दुसऱ्या बाजूनं विचार करू. आपण ओसरीवर बसून तलाव पाहतो, तेव्हा तलावाकडे येणाऱ्यांना काय दिसतं? ऐन उन्हाळ्यात नाले आटतात. सांबर, गवा, अस्वल, सगळे पाण्याच्या वाटेनं निघतात. ती वाट त्यांच्या आज्या-पणज्यांपासूनची. आणि त्या वाटेवर उजेड, गाणी, गाडीचे हॉर्न, तळणाचा वास! तहानलेलं जनावर बिचकतं आणि मागे फिरतं. आपल्याला ते कळतही नाही. आपण सकाळी कुरकुर करतो, “काहीच दिसलं नाही बुवा!”

चार खोल्यांत पाहुणे असले तर रान ते सोसून घेतं. पण चाराच्या चाळीस झाल्या तर? सँटोरिनीला पाहुणे वाढले तेव्हा माणसांनी जहाजांवर मर्यादा घातली. सांबर कोणावर मर्यादा घालणार? ते फक्त तहानलेलं राहणार. म्हणून २०१२ साली देशातल्या सगळ्या व्याघ्र प्रकल्पांसाठी नियम आले. त्यांत सांगितलं होतं, की वाघांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटकांच्या कायमच्या सोयी टप्प्याटप्प्यानं बाहेर न्याव्यात. पाहुण्यांनी उतरायचं ते जंगलाच्या वेशीवर.

काही जणांना याचं वाईट वाटतं. तलावाकाठची ती रात्र आता सगळ्यांच्या वाट्याला कशी येणार? वाईट वाटणं साहजिकच आहे. पण वेशीवर कोण राहतं, तेही पाहिलं पाहिजे. या रानाच्या कडेनं गोंड समाजाची आणि इतर शेतकऱ्यांची गावं आहेत. मोहफुलं वेचायची, तेंदूपत्ता तोडायचा, सरपण आणायचं, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं जगणं. जंगल राखीव झालं आणि त्यातल्या पुष्कळ गोष्टींवर बंधनं आली. वाघ राखण्याची किंमत या लोकांनी मोजली, आपण नाही. मग पाहुण्याचे चार पैसे गाईडला, जिप्सीवाल्याला, जेवण रांधणाऱ्या ताईला मिळाले, तर ते उपकार नव्हेत. ते त्यांचं येणं आहे.

आणि वेशीवरचा मुक्काम काही कमी गमतीचा नसतो! गावात लाखोळीच्या डाळीचं वरण मिळालं तर जरूर खा. धान कापण्याआधीच, उभ्या पिकाच्या ओल्या मातीत हिचं बी फेकतात. धान निघतं आणि लाखोळी मागे वाढत राहते. एकाच ओलीवर दोन पिकं! तुम्ही ‘लाखोळी’ म्हणाल, पण गावातली आजी म्हणेल ‘लाखोरी’. हसू नका हं! ही झाडीबोली. तिच्यात ‘ळ’चा ‘र’ होतो, ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा मोठा अभ्यास केला आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण घरी हेच बोलत असतील आणि शाळेत मात्र लाजत असतील. लाजायचं कशाला? पुण्या-मुंबईचा पाहुणा ही बोली ऐकायला पैसे खर्च करून येतो!

तर अशा मुक्कामाला जाताना काय करायचं, ते आईबाबांबरोबर बसून आधीच ठरवा. पावसाळ्यात जंगल पर्यटकांना बंद असतं, तेव्हा ते महिने सोडा. राहण्याची सोय आणि प्रवेश यांची चौकशी वन विभागाकडे करा. कारण नियम बदलत असतात. पिटेझरीला जायचं तर साकोली गाठायचं आणि तिथून आत वळायचं. कपडे मातकट किंवा हिरवे घ्या, भडक नकोत. टॉर्च न्या, पण तो पायाखाली धरण्यासाठी. झाडावर किंवा जनावराच्या डोळ्यांवर मारण्यासाठी नव्हे. बिस्किटांचे कागद घरी परत आणा. पाण्याची बादली जपून वापरा. बाबांनी गाडीत गाणी लावली तर बंद करायला सांगा. या एका बाबतीत मोठ्यांना रागावायची तुम्हाला परवानगी आहे! आणि एक छोटी वही ठेवा. वाघ दिसला की नाही, एवढंच लिहू नका. रात्री किती प्रकारचे आवाज ऐकले ते लिहा. गाईडदादांना त्यांची नावं विचारा. त्यांच्या बोलीतली नावं विचाराल तर आणखी चांगलं.

आपल्याकडे पाहुण्याला ‘अतिथी’ म्हणतात. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते, तो अतिथी. ग्रीक भाषेतही एक गमतीचा शब्द आहे, ‘झेनोस’. त्याचे अर्थ दोन: परका आणि पाहुणा! परक्याचा पाहुणा व्हायला वेळ लागत नाही. पण ते यजमानाच्या हातात जितकं, तितकंच पाहुण्याच्याही. मावशीच्या घरी गेलात, की घरात झोपलेलं तान्हं बाळ पाहून तुम्ही आपोआप हळू बोलता ना? कोणी सांगावं लागत नाही. पिटेझरीच्या दारातून आत शिरताना तेवढं आठवलं, म्हणजे झालं. पुढची सुट्टी कधी लागतेय तुमची?