विसाव्या मिनिटाला मन का उठतं?

हुबळीच्या श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकावरचा सर्वांत लांब फलाट १,५०७ मीटरचा आहे. मार्च २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून त्याची ख्याती झाली. आपला डबा पार दुसऱ्या टोकाला लागला आणि दोन्ही हातांत बॅगा असल्या, की ही लांबी हुबळीकराला पायांनी कळते. रोइंग मशीनवर मध्यम गतीनं तासभर वल्हवलं, तर असे जवळजवळ आठ फलाट होतात. १२ किलोमीटर. फलाटावर निदान माणसं दिसतात, चहाचा वास येतो. मशीनवर मात्र समोर भिंत असते आणि पडद्यावर सरकणारे आकडे.

जिममध्ये हे मशीन बहुधा कोपऱ्यात असतं आणि बहुधा रिकामंच. कोणी बसलंच, तर पुढचं चित्र ठरलेलं. पहिली चार-पाच मिनिटं जोरात जातात, फ्लायव्हीलचा घूं घूं आवाज हॉलभर घुमतो. आठव्या मिनिटाला घाम डोळ्यांत उतरतो. बाराव्या मिनिटापासून नजर घड्याळावरून हलत नाही. विसाव्या मिनिटाच्या आसपास मूठ सुटते, साखळी खडखडत आत जाते आणि माणूस टॉवेल घेऊन उठतो. उठताना तो स्वतःला एकच वाक्य ऐकवतो: ‘आपल्यात जिद्दच नाही.’

हा पहिला आणि सगळ्यांत घातक गैरसमज. कारण विसाव्या मिनिटाला जे घडतं, त्याचं बी बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत पेरलेलं असतं, आणि ते मोजून दाखवता येतं.

या मशीनवरची गती ‘५०० मीटरला किती वेळ’ अशी मोजतात. ५०० मीटरला अडीच मिनिटं ही गती राखायला सुमारे १०४ वॉट शक्ती लागते. तेच अंतर दोन मिनिटांत कापायचं, तर सुमारे २०३ वॉट. म्हणजे गती चौथ्या हिश्शानं वाढली, पण लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट झाली. असं होतं, कारण पाण्यातून पुढे जाताना लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि मशीनचा हिशेबही त्याच नियमावर बसवलेला आहे. सुरुवातीला ताजेपणाच्या भरात कोणी दोन मिनिटांच्या गतीनं सुटला, तर तो नंतरच्या चाळीस मिनिटांची शक्ती आधीच खर्चून बसतो. पुढे जे जाणवतं ते दमलेल्या स्नायूंचं म्हणणं असतं. माणूस मात्र त्याला स्वभावातला दोष समजतो.

यालाच चिकटलेला दुसरा समज असा: धाप लागली नाही, तर व्यायाम कसला?

या प्रश्नाचं उत्तर नौकानयनातल्याच माणसांनी देऊन ठेवलं आहे. नॉर्वेच्या आंतरराष्ट्रीय पदकविजेत्या वल्हवणाऱ्यांच्या १९७० ते २००१ या काळातल्या सरावाचा अभ्यास फिस्करस्ट्रँड आणि सेलर या संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. या तीस वर्षांत सोप्या गतीचा सराव महिन्याला ३० तासांवरून ५० तासांवर गेला आणि शर्यतीच्या वेगाचा, जीव काढणारा सराव २३ तासांवरून साधारण ७ तासांवर आला. परिणाम काय झाला? प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १२ टक्क्यांनी वाढली, मशीनवरची कामगिरी जवळपास १० टक्क्यांनी सुधारली. जगातले तगडे वल्हवणारे बहुतेक वेळ सावकाश वल्हवतात. सावकाश म्हणजे किती? शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता यावं, इतपत. वाक्य तुटायला लागलं, की गती जास्त झाली असं समजावं.

धारवाडच्या मातीला ही गोष्ट नवी नाही. गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून गाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. निवडक स्वरसमूह संथपणे पुन्हा पुन्हा घोटून घ्यायचे, ही तिथली तालीम. द्रुत तानेची तयारी विलंबितात होते हे ज्या गावात पोरासोरांना ठाऊक, तिथे मशीनवर बसल्याबरोबर सगळे तानाच का मारू लागतात, हे खरंच कोडं आहे.

आता मशीनवरच्या एका खटक्याकडे वळू. हवेवर चालणाऱ्या मशीनच्या चाकाच्या बाजूला तो असतो, १ ते १० आकड्यांचा; त्याला डॅम्पर म्हणतात. नवीन आलेला माणूस तो सरळ दहावर नेतो. दहा म्हणजे सगळ्यांत कठीण, कठीण म्हणजे सगळ्यांत चांगलं, असा हिशेब. प्रत्यक्षात हा खटका सायकलच्या गिअरसारखा आहे. तो फक्त चाकाच्या पिंजऱ्यात किती हवा शिरावी ते ठरवतो. हवा जास्त शिरली, की चाक लवकर मंदावतं आणि प्रत्येक खेच जड लागते. मशीन मात्र चाक दर वेळी किती मंदावलं ते मोजून त्यावरूनच काम मोजतं. त्यामुळे दहावर ठेवल्यानं एक मीटरही फुकट पदरात पडत नाही; कंबर आणि हात मात्र लवकर भरून येतात. या मशीनची सर्वांत प्रसिद्ध उत्पादक कंपनी कॉन्सेप्ट टू स्वतःच बहुतेकांना ३ ते ५ च्या दरम्यान ठेवायला सांगते.

इथे एक बारीक गोष्ट हुबळीकरांनी लक्षात ठेवावी. आपल्याकडे धूळ भरपूर. चाकाभोवतीच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू साचले, की आत जाणारी हवा कमी होते. मग एका जिममधला चार आणि दुसऱ्या जिममधला चार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ‘काल जमलं, आज का जमेना’ म्हणून माणूस हिरमुसतो आणि दोष निघतो जाळीचा. पडद्यावर ‘ड्रॅग फॅक्टर’ नावाचा आकडा पाहता येतो. रोज खटक्यापेक्षा तो आकडा सारखा ठेवावा.

हात बारीक असल्यामुळे हे आपल्याला जमणार नाही, असंही अनेक जण, विशेषतः स्त्रिया, म्हणताना ऐकू येतात. खेचीचा मोठा वाटा पायांचा असतो, मग पाठीचा, शेवटी हातांचा. आधी पायांनी रेटा द्यायचा, मग धड मागे न्यायचं, मग मूठ बरगड्यांपर्यंत आणायची. परत पुढे येताना दुप्पट वेळ घ्यायचा, तीच विश्रांती. मिनिटाला वीस खेची पुरतात. तासाला १,२०० खेची आणि १२ किलोमीटर, म्हणजे एका खेचीला दहा मीटर. मिनिटाला तीस-बत्तीस खेची मारणारा वेगात आहे असं दिसतं, पण अनेकदा तो पायांनी रेटा न देता नुसताच पुढेमागे सरकत असतो.

जिद्दीचा विषय निघाला, की दत्तू भोकनळ यांचं नाव यायलाच हवं. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्यांचं गाव. तिथे पाण्याची वानवा. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचं काम त्यांनी केलेलं. २०१२ मध्ये ते सैन्यात गेले, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये. वल्हं हातात आलं ते तिथेच. पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये तयार होऊन चारच वर्षांत, २०१६ मध्ये, ते रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरले आणि तेरावे आले. त्या ऑलिम्पिकमधले ते भारताचे एकमेव नौकानयनपटू होते.

ही कहाणी सांगताना लोक म्हणतात, ‘बघा, जिद्द असली की सगळं होतं.’ जिद्द होतीच. पण गोष्ट तेवढीच सांगितली, तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सैन्यात पहाटे उठायचं की नाही, हा प्रश्न रोज नव्यानं सोडवावा लागत नाही. वेळ ठरलेली असते, प्रशिक्षक उभा असतो, शेजारी सोबती वल्हवत असतात, आज काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. मनाची सगळी ताकद मग खेचीसाठी शिल्लक राहते. घरी किंवा जिममध्ये एकट्यानं बसणाऱ्याला ही मांडणी स्वतः करावी लागते, आणि नेमकं तेच कोणी करत नाही.

याच कहाणीत आणखी एक दिवस आहे. २३ ऑगस्ट २०१८, आशियाई स्पर्धा, एकेरीची अंतिम शर्यत. प्रकृती बरी नसलेले दत्तू सहावे, म्हणजे शेवटचे आले. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या नावेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. वाईट दिवसावरून माणसाची किंमत ठरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कोण दाखवणार?

संध्याकाळी ऑफिसमधून थेट जिममध्ये येणाऱ्यांचा एक अनुभव असतो: सकाळी जी गती सहज वाटते, तीच संध्याकाळी डोंगरासारखी. ‘दिवसभर तर खुर्चीत बसून होतो, थकायला काय झालं?’ वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. १६ जणांना एकदा दीड तास डोकं शिणवणारं काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. नंतर त्यांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोक्याच्या कामानंतर ६४०. हृदय आणि स्नायू दोन्ही वेळा सारखेच काम करत होते. वाढली होती ती फक्त कष्टाची जाणीव. म्हणून दिवसभराच्या हिशेबांनंतर गती थोडी कमी करावीशी वाटली, तर ती कमीच ठेवावी. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शक्य असेल त्यानं लांबचा सराव रविवारी सकाळी करावा.

गाणी लावली की वेळ कसा जातो कळत नाही, हे अर्धसत्य आहे. २०२० मध्ये १३९ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की संगीतामुळे व्यायाम अधिक आनंदाचा होतो आणि कष्ट कमी जाणवतात. पण हा आधार सोप्या आणि मध्यम गतीला चांगला मिळतो; जीव तोडून वल्हवताना शरीराचा आवाज गाण्याच्या वर जातो. तेव्हा लांबच्या संथ सरावाला भीमसेनांचे अभंग खुशाल लावावेत. कठीण तुकड्यांत मात्र लक्ष श्वासाकडे आणि पायांच्या रेट्याकडे वळवावं. मॉर्गन आणि पोलॉक यांना १९७७ मध्येच दिसलं होतं, की अव्वल मॅरेथॉन धावपटू लक्ष दुसरीकडे नेण्यापेक्षा स्वतःच्या शरीराकडेच देतात.

तासाचा सराव एकसंध समोर ठेवणं हीसुद्धा चूक आहे. त्याचे पंधरा मिनिटांचे चार भाग करावेत. पहिल्यात मिनिटाला १८ खेची, मग २०, मग २२, शेवटी पुन्हा २०. मध्ये मिनिटभर उठून पाणी प्यावं, कंबर सरळ करावी. मध्ये उठलं तर सराव फुकट गेला, असं मानणारे पुष्कळ आहेत, पण वल्हवणाऱ्या खेळाडूंच्या कंबरदुखीचा संबंध मशीनवरच्या सलग लांब बैठकींशी असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. दमल्यावर पाठ गोल होते, आणि दुखणं तिथून सुरू होतं. एप्रिलच्या उकाड्यात बंद खोलीत वारा नसतो, म्हणून पंखा थेट अंगावर घ्यावा. वीज गेली तर पंखा थांबेल, कॉन्सेप्ट टूचं मशीन नाही. त्याला विजेची जोडणीच लागत नाही, पडदा बॅटरीवर चालतो.

‘एकवीस दिवस करा, सवय लागते’ हे वाक्य तर आता घराघरांत पोचलं आहे. त्याचा उगम बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकात आहे, आणि ते निरीक्षण व्यायामाबद्दल नव्हतंच. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ लागतील असं दिसलं. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून मशीन सोडणाऱ्यांना हा आकडा कोणीतरी सांगायला हवा. याच अभ्यासात दिसलेली दुसरी गोष्ट तितकीच मोलाची: एखादा दिवस चुकला, तर फारसं काही बिघडत नाही. गणपतीत चार दिवस मशीन बंद राहिलं, तर पाचव्या दिवशी निमूट बसावं.

आणि वय? आयर्लंडमधले रिचर्ड मॉर्गन पेशानं बेकरीवाले. त्यांनी नियमित व्यायाम सुरू केला तोच ७३ व्या वर्षी. पुढे ते इनडोअर रोइंगमध्ये चार वेळा जगज्जेते ठरले. ९२ व्या वर्षी संशोधकांनी त्यांना प्रयोगशाळेत तपासलं. त्या वेळी ते आठवड्याला सुमारे ३० किलोमीटर वल्हवत होते. त्यातलं साधारण ७० टक्के सोपं, २० टक्के कठीण, १० टक्के जीव तोडून. दिवसाला चाळीसेक मिनिटं. म्हातारपणी हे झेपत नाही असं म्हणणाऱ्यांनी त्यांचं वेळापत्रक पाहावं: त्यात बहुतेक भाग संथच आहे. अर्थात हृदयविकार, रक्तदाब किंवा जुनं कंबरेचं दुखणं असलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

पडद्यावरचे मीटर रोज वहीत लिहावेत. चिगरी बसनं रोज ये-जा करणाऱ्याला हुबळी-धारवाड हे वीसेक किलोमीटर पाठ असतात. अडीच मिनिटांच्या गतीनं ते अंतर शंभर मिनिटांचं आहे, म्हणजे दोन बैठकींत धारवाड मागे पडतं. वहीत शेजारी गावांची नावं लिहीत जावं. बेळगाव साधारण शंभर किलोमीटर, कोल्हापूर दोनशेच्या थोडं पुढे, मग सातारा. आर्मी रोइंग नोड जिथे आहे ते पुणं हुबळीहून रस्त्यानं सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. आठवड्याला तीन वेळा तासभर, दर वेळी १२ किलोमीटर, असं संथपणे वल्हवणारा माणूस बारा आठवड्यांत तिथे पोचतो.