क्रियापदाचे लिंग

आमच्या मराठी भाषेत मनुष्यास स्वतःविषयी साधे वाक्य बोलावयाचे झाले तरी अनेकदा आपले लिंग सांगितल्यावाचून गत्यंतर नसते. 'मी आलो' अथवा 'मी आले', ह्यांपैकी एक निवडावेच लागते. कन्या म्हणून वाढलेले अपत्य एके दिवशी 'मी आलो' म्हणते, तेव्हा वडीलधारी मंडळी प्रथम हसण्यावारी नेतात. थट्टा नव्हे असे कळताच संतापतात. अशा प्रसंगी कसे वागावे, ह्याचा थोडा विचार करू.

संस्कृतात पत्नीस 'भार्या' हा स्त्रीलिंगी, 'दार' हा पुल्लिंगी व 'कलत्र' हा नपुंसकलिंगी शब्द आहे. शब्द आणि अर्थ ह्यांचे लिंग जुळलेच पाहिजे, असा आग्रह व्याकरणाचाही नाही. तद्वत् शरीराची ठेवण आणि 'मी कोण' ही अंतरीची जाणीव बहुतेकांच्या ठायी जुळते, थोड्यांच्या ठायी जुळत नाही. पूर्वजांस हे अगदीच अपरिचित नसावे. अमरकोशात 'तृतीया प्रकृति' हा शब्द आहे. महाभारतात द्रुपदाची शिखंडिनी स्थूणाकर्ण यक्षाच्या साहाय्याने पुरुष होते.

हे वेड नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात ही अवस्था मानसिक विकारांतून वगळली आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले.

लिंगांतराची वाट सर्वांची एक नसते. कोणी नाव व पोशाख बदलून समाधान पावतात; कोणी संप्रेरके घेतात; कोणी शस्त्रक्रियाही करवितात. टेस्टोस्टेरॉनने दाढी फुटते, आवाज घोगरा होतो. औषध थांबविले तरी तो आवाज पूर्ववत होत नाही. उलटपक्षी, एकदा फुटलेला आवाज इस्ट्रोजेनने बारीक होत नाही. म्हणूनच हे उपचार तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावेत. घरच्यांच्या धाकाने मूल चोरून औषधे घेऊ लागले, तर तो दोष कोणाचा?

लौकिकाची भीती आम्ही जाणतो. परंतु लौकिक राखण्यासाठी मूल गमावणे हा कोणता व्यवहार?

आम्ही जन्मभर मुलांच्या वह्यांतील क्रियापदे तांबड्या शाईने सुधारली. हे एक क्रियापद सुधारण्याचा अधिकार मात्र आमचा नव्हे. उंबरठ्यावरून 'मी आलो' असा शब्द आला, तर 'आलास? पाय धू, पाने मांडली आहेत' एवढेच म्हणावे.